पुन्हा पुन्हा परत येणारे संपादक: विकिपीडियावर यांचं करायचं काय?

गवती_चहा

इथे बरेच जण मराठी विकिपीडियावर लिहितात, काही जण नुसते 'अलीकडील बदल' चाळत असतात, म्हणून हा धागा इथे काढतेय.

साध्या उत्पाताबद्दल मला काही विचारायचं नाही. कुणीतरी शिवनेरीच्या लेखात वर्गमित्राचं नाव घालतं, निवडणुका आल्या की नेत्यांच्या पानांवर शिव्या पडतात, सामना हरलो की त्या रात्री एखाद्या गोलंदाजाला परस्पर निवृत्त केलं जातं. एका टिचकीत उलटवता येतं. करणाराही पाच मिनिटांत कंटाळतो.

मला विचारायचंय ते न कंटाळणाऱ्यांबद्दल. सध्या ज्यांच्याशी गाठ पडली आहे ते गृहस्थ संतांच्या आणि मराठा काळातल्या सरदारांच्या लेखांत एका ठरावीक गावाचा आणि एका ठरावीक घराण्याचा संबंध घालतात. संदर्भ म्हणून स्वतःच्याच ब्लॉगचा दुवा. काढला की दुसऱ्या लेखात. चर्चा पानावर विचारलं तर उत्तर इतकं नम्र की आपल्यालाच अपराधी वाटावं: 'ताई, मार्गदर्शन असू द्यावे, आपल्या अनूमतीशिवाय काही करणार नाही.' पुढच्याच दिवशी तेच वाक्य तिसऱ्या लेखात. आधी सूचना झाली, मग आठवड्याचा ब्लॉक, मग कायमचा. तेव्हापासून थोड्या थोड्या दिवसांनी नवं खातं उघडतं. ब्लॉग तोच, घराणं तेच, 'अनूमती'तला दीर्घ 'नू'सुद्धा तोच.

एक शिवी नाही, धमकी नाही. पण या कटकटीला कंटाळून दोन चांगले लिहिणारे गप्प झालेत. मी त्या लेखांवर पहारा ठेवते, तर माझं स्वतःचं लिखाण होत नाही. ज्यांनी हे आधी भोगलंय त्यांनी सांगा. सदस्यनाव मुद्दाम देत नाहीये, कृपया कुणी शोधून इथे डकवू नका.

वाचाळवीर

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पण नाव का द्यायचं नाही? विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, एक पान करा, त्याची सगळी खाती, सगळे प्रताप ओळीने लावा. चारचौघांत शोभा झाली की पुन्हा तोंड दाखवणार नाही.

बोरूबहाद्दर

वाचाळवीर, हा प्रयोग इंग्रजीत होऊन गेलाय. 'विली ऑन व्हील्स' नावाचा एक उपद्व्यापी २००४-०५ च्या सुमारास गाजला. लेखांची नावं बदलून शेवटी 'ऑन व्हील्स' जोडायचा, बस इतकंच. लोकांनी त्याची पानं केली, याद्या केल्या, विनोद केले. परिणाम काय? नकला करणारे उभे राहिले आणि मूळचा कोण, नकली कोण हे कुणाला सांगता येईना. पुढे तिथे एक विचार रुजला की अशांना कीर्ती द्यायची नाही. उलटवा, ब्लॉक करा, संपादन सारांशात एक कोरडा शब्द लिहा आणि पुढे चला. गवती_चहा यांनी नाव टाळलं ते बरोबरच केलं.

नोंद ठेवायचीच नाही असं मात्र मी म्हणत नाही. कोणतं खातं, कोणता लेख, कोणतं वाक्य, याची सुकी यादी प्रचालकांना, म्हणजे ब्लॉक करायचे अधिकार असलेल्या सदस्यांना, लागते. ती चव्हाट्यावर नको, एवढंच.

आता मूळ प्रश्न. इतकी वर्षं हे बघून माझं एक मत झालंय: समोरच्याच्या मनात काय आहे हे शोधण्यात आपण सर्वात जास्त वेळ घालवतो आणि त्याची गरजच नसते. भोळा आहे का, लबाड आहे का, कुणी बसवलेला आहे का, काहीही असो. बघायचं ते इतकंच की त्याच्या एका बदलामागे इतरांचा किती वेळ जातो. त्याला ओळ टाकायला अर्धं मिनिट लागतं. तुम्ही ती तपासता, ब्लॉग वाचता, गॅझेटियर उघडता, चर्चा पानावर सभ्य भाषेत परिच्छेद लिहिता. तासभर गेला. हे गणित जोवर असं आहे, तोवर तो हरत नाही. ब्लॉक हा त्यातला एक तुकडा झाला. खरं काम म्हणजे आपला खर्च त्याच्या खर्चाहून कमी करणं.

हेतू बाजूला ठेवा म्हणतो त्याला कारण आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये रेडिटवर एकाने दाखवून दिलं की स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावरचे २०,००० हून जास्त लेख एकाच अमेरिकी मुलाने लिहिलेत आणि त्याला स्कॉट्स येतच नाही. इंग्रजी वाक्य घ्यायचं, ऑनलाइन कोशातून शब्द बदलायचे, छापायचं. सुरुवात केली तेव्हा पोरगा १२ वर्षांचा होता. पुढे तो तिथला प्रचालकही झाला. हेतू शंभर टक्के चांगला! पण एका भाषेचा ज्ञानकोश जवळजवळ निरुपयोगी करून ठेवला. तिथे कोण भला कोण बुरा हे ठरवत बसला असतात तर हाती काय आलं असतं?

थेट_नागपूर

माफ करा, पण मला हा सगळा सूरच पटत नाही. मराठीत लिहिणारे आधीच मूठभर. त्यातल्या एखाद्याला आपल्या गावाचं कौतुक असलं तर त्याच्यामागे एवढी फौज काहून?

मी स्वतः २७ फेब्रुवारीच्या निमित्ताने भरलेल्या एका कार्यशाळेत पहिला लेख लिहिला होता, आमच्याकडच्या एका जुन्या बाजाराबद्दल. चहा पिऊन येईपर्यंत त्यावर पानभर 'हा लेख काढून टाकावा' असा साचा, म्हणजे छापील सूचना, लागला होता. कोणी लावला, का लावला, विचारायचं कोणाला, काही कळलं नाही. पुन्हा गेलो नाही बावा त्या वाटेला. तुम्ही ज्याला उत्पाती म्हणता तो कदाचित माझ्यासारखाच असेल, फक्त माझ्यापेक्षा चिवट.

गवती_चहा

थेट_नागपूर, तुमच्याबाबतीत झालं ते वाईटच झालं. पहिल्या लेखाला साचा चिकटवण्याआधी दोन ओळी लिहायला हव्या होत्या. नवख्याशी कसं वागावं यावर मराठीत वेगळा धागा निघू शकेल, आणि तिथे मी तुमच्या बाजूने भांडेन.

पण तुमच्यात आणि यांच्यात फरक आहे. सांगितल्यावर काय बदलतं ते मी बघते. नवखा माणूस चुकीचा संदर्भ देतो, तुम्ही सांगता, तो कुरकुरतो, भांडतो, पुढच्या वेळी बरा संदर्भ देतो किंवा निघून जातो. काहीतरी हलतं. इथे 'हो ताई' येतं आणि काहीच हलत नाही. कितव्यांदा तरी तेच सांगितल्यावर मी त्याला नवखा कसं म्हणू?

आणि 'गावाचं कौतुक' इतकं निरुपद्रवी नाही हो. एका संताचं जन्मगाव बदललं की ते वाक्य महिन्याभरात शाळेच्या प्रकल्पांत जातं, कुठल्या तरी यूट्यूब चॅनलवर जातं, मग स्थानिक पुरवणीत छापून येतं. मग तेच गृहस्थ ती पुरवणी संदर्भ म्हणून लावतात. आता ब्लॉग नाही, 'वृत्तपत्र' आहे! हे झालंय.

बोरूबहाद्दर

हे शेवटचं सगळ्यात घातक. नीट लक्ष ठेवा. संदर्भाची तारीख आणि लेखात वाक्य आल्याची तारीख ताडून बघा. वाक्य आधीचं आणि बातमी नंतरची असेल तर तो संदर्भ बाद. लेखाचा 'इतिहास' उघडला की दोन मिनिटांचं काम आहे.

अर्धविराम

तांत्रिक बाजू मी सांगतो. पेशाने प्रोग्रामर, विकीवर अधूनमधून गाळण्या, म्हणजे ठरावीक बदल आपोआप हेरणारे नियम, लिहून देतो.

सगळ्यात आधी तो ब्लॉग. आश्चर्य वाटतं की अजून कुणी केलं नाही: दुवा काळ्या यादीत टाका. प्रत्येक विकीला स्वतःची यादी असते, प्रचालक ती बदलू शकतात. फुकटच्या ब्लॉगसेवेवर असेल तर सगळी सेवा बंद करायची नाही, फक्त त्याचा उपपत्ता टाकायचा. मग तो दुवा नव्याने घालणारा बदल जतनच होत नाही. लघुदुवे वापरून पळवाट काढता येईल असं त्याला वाटेल, पण तसल्या बहुतेक सेवा मेटावरच्या (सगळ्या विकींच्या सामाईक संकेतस्थळावरच्या) जागतिक यादीत आधीपासून अडवलेल्या आहेत.

दुसरी पायरी म्हणजे गैरवापर गाळणी. इंग्रजीत ही २००९ पासून आहे, मराठीतही चालते. 'नवं खातं, अमुक गाव, अमुक घराणं, एकाच बदलात' अशी अट घालता येते. गाळणी मुख्यतः चार गोष्टी करू शकते: नुसती नोंद ठेवणं, बदलाला खूणपताका लावणं, इशारा देणं, बदल नाकारणं. अट गुप्तही ठेवता येते, नाहीतर तो वाचून चुकवेल. एक देवनागरीतली गंमत: दिसायला एकच असणारा शब्द दोन-तीन प्रकारे टंकता येतो. मध्ये न दिसणारे जोडचिन्ह असतं, 'ऱ्य' वेगवेगळ्या तऱ्हेने उमटतो. इंग्रजीच्या गाळण्या जशाच्या तशा उचलल्या तर आपल्याकडे अर्ध्या गोष्टी निसटतात. अट लिहिताना ही सगळी रूपं धरावी लागतात.

तिसरं, खाती जुळवणं. सॉकपपेट, म्हणजे एकाच माणसाची अनेक खाती, तपासायला लागणारी माहिती, म्हणजे आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) वगैरे, ९० दिवसच राहते. त्यामुळे 'बघू, पुन्हा आला तर' करत बसलात तर पुरावा उडून जातो. मराठीवर स्थानिक तपासनीस नाहीत, मेटावर कारभाऱ्यांकडे, म्हणजे स्टुअर्डांकडे, विनंती करावी लागते. त्यांना मराठी येत नाही. 'तोच आहे हो, कळतंय' असं लिहून उपयोग नाही. दोन खात्यांचे दोन बदल शेजारी ठेवा आणि नेमकं साम्य इंग्रजीत समजावा. तुमचा 'अनूमती' इथे सोन्याचा आहे. पण खरं सांगायचं तर वागण्यातून इतकं स्पष्ट असेल तर तांत्रिक तपासणीची गरजही नसते, स्थानिक प्रचालक तेवढ्यावर ब्लॉक करू शकतात.

एक काम मात्र करू नका: मोबाइलच्या आयपींचे मोठे पट्टे ब्लॉक करणं. आपल्याकडच्या मोबाइल कंपन्या एकेका पत्त्यामागे असंख्य ग्राहक ठेवतात आणि पत्ता सारखा बदलतो. एका माणसासाठी पट्टा बंद केलात तर एखाद्या जिल्ह्यातल्या कॉलेजची पोरं कार्यशाळेत बसल्या बसल्या अडकतील, आणि तो मात्र फोन बंद-चालू करून दुसरीकडून येईल. त्यात आता खात्याशिवायच्या संपादकांचा आयपी सर्वांना दिसण्याची जुनी पद्धतही मोडीत निघतेय. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने २०२४ च्या अखेरीपासून एकेका विकीवर तात्पुरती खाती आणायला सुरुवात केली. आयपी बघायला वेगळा अधिकार लागतो. गोपनीयतेसाठी चांगलं, पहारेकऱ्याला त्रासाचं.

वाचाळवीर

'हेही करता येतं' म्हणत चार गोष्टी सांगणारे आणि 'करू नका' सांगणारा एकच माणूस असणं हे मराठी आंतरजालावर दुर्मीळ आहे. नोंद घ्यावी.

अवांतर: इंग्रजी विकिपीडियावर 'योगर्ट' या शब्दात एच असावा की नसावा यावर २००३ ते २०११ भांडण चाललं होतं. आठ वर्षं. दह्यावरून! त्यामानाने आपण फारच समंजस.

गवती_चहा

वाचाळवीर, दह्यावर भांडणारे निदान चर्चा पानावर भांडत होते. तसे असतील तर मी त्यांना घरी जेवायला बोलावीन.

अर्धविराम, काळ्या यादीचं खरंच डोक्यात आलं नव्हतं, कारण आम्ही सगळे मजकुराकडे बघत होतो. पण दुवा अडला की तो दुवा न देता लिहील ना?

अर्धविराम

लिहील. पण मग ते बिनसंदर्भ वाक्य होतं आणि ते काढायला कुणाला ब्लॉग वाचत बसावं लागत नाही. बोरूबहाद्दर म्हणाले ते खर्चाचं गणित तिथे फिरतं. शिवाय अशा बऱ्याच लोकांचा जीव दुव्यात असतो. गाव, घराणं हे निमित्त, ब्लॉगला वाचक हवे असतात. (गंमत म्हणजे विकिपीडियावरच्या बाहेरच्या दुव्यांना 'नोफॉलो' (शोधयंत्राने हा दुवा जमेस धरू नये अशी खूण) लावलेलं असतं, त्यामुळे त्यांना वाटतो तेवढा फायदा शोधयंत्रात होतच नाही. हे त्यांना कुणी सांगत नाही बहुतेक.)

म्युनिककर

इथे जर्मनीत राहून जर्मन विकिपीडियावर थोडं काम करते, म्हणून तिकडची पद्धत सांगते. मे २००८ पासून तिथे 'तपासलेली आवृत्ती' असते. नव्या किंवा खातं नसलेल्या माणसाने बदल केला तर तो होतो, पण वाचकाला आधीची तपासलेली आवृत्तीच दिसते. एखाद्या अनुभवी सदस्याने पाहिलं की मग नवी दिसते. तुमच्या गृहस्थांना इथे मजाच आली नसती. रोज लिहायचं आणि कुणाला दिसायचंच नाही.

पण मराठीसाठी सुचवायला मी कचरतेय. तपासणारे हात हवेत. जर्मनीतही रांग साचते आणि नवखे 'माझा बदल दिसत का नाही' म्हणून वैतागतात. आपल्याकडे सगळ्या विकीला लावलं तर थेट_नागपूर यांचा बाजार वर्षभर रांगेत बसेल. त्रासाचे मोजके लेख अर्धसुरक्षित करणं बरं, म्हणजे अगदी नव्या खात्यांना ते बदलता येत नाहीत. इंग्रजीत हा प्रकार डिसेंबर २००५ मध्ये आला. त्याच वर्षी जॉन सीगेंथालर या पत्रकारांच्या लेखात कुणीतरी केनेडी हत्येशी त्यांचा संबंध असल्याची थाप घातली होती आणि ती चार महिने तशीच राहिली. इंग्रजीत अर्धसुरक्षेसाठी खातं चार दिवसांचं आणि दहा बदलांचं असावं लागतं. ज्याला चिकाटी आहे तो दहा बदलही करेल, पण प्रत्येक नव्या खात्यासाठी पुन्हा दहा, हे हळूहळू जड होतं.

सांगलीकर

इतका वेळ वाचतोय. सरळ उपाय कुणी बोलत नाही. ऐतिहासिक व्यक्तींबद्दल खोटं लिहिणं हा काय पोरखेळ आहे? सायबर पोलिसात द्या. २०२५ मध्ये दिलंच होतं की.

बोरूबहाद्दर

सांगलीकर, ते प्रकरण नीट आठवून बघू. फेब्रुवारी २०२५, 'छावा' चित्रपट नुकताच लागला होता. इंग्रजी विकिपीडियावरच्या छत्रपती संभाजी महाराजांच्या लेखातल्या मजकुरावर लोक चिडले. महाराष्ट्र सायबरने विकिमीडिया फाउंडेशनला मजकूर काढण्याबद्दल लिहिलं, पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. लोकांच्या भावना मला कळतात, माझ्याही त्याच आहेत. पण परिणाम कुणावर होतो ते बघा. स्वतःच्या नावाने, संदर्भ देऊन, वर्षानुवर्षं लिहिणारा माणूस सर्वात आधी घाबरतो, कारण तोच सापडण्यासारखा असतो. टोपणनावाने आठवड्याला खातं बदलणाऱ्याला कसली भीती? म्हणजे आपल्या बाजूचे हात कमी, त्याचे तेवढेच.

एएनआय वृत्तसंस्थेने विकिमीडियावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यातही २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तीन संपादकांची माहिती मागितली, तेव्हा भारतातल्या बऱ्याच विकिकरांच्या पोटात गोळा आला होता. त्याच खटल्याबद्दलचं विकिपीडियावरचं पान काढायचा आदेश झाला, तो मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. कुणी जिवाची धमकी देत असेल, पत्ते शोधून काढत असेल, तर जरूर पोलिसात जा. एका घराण्याचा बडेजाव करणाऱ्यासाठी नको.

सांगलीकर

मग चुकीचं लिहिलेलं तसंच राहू द्यायचं? तुमच्या गाळण्या आणि याद्या होईपर्यंत हजार लोक वाचून जातात.

बोरूबहाद्दर

तसंच राहू द्या असं मी कुठे म्हणालो? चर्चा पानावर जा, बरा संदर्भ द्या. इंग्रजीत भारतातल्या जातींच्या लेखांसाठी २०१२ पासून विशेष कडक नियम आहेत. प्रचालक तिथे फार वाट बघत नाहीत, विषयबंदी लावतात. तिथे रोज जे चालतं ते पाहिलंत तर कळेल की नियम असूनही माणसं लागतातच.

आडवळणी

सगळे धरून चालले आहेत की त्रास देणारा बाहेरचा असतो आणि प्रचालक आतले, शहाणे. एवढं सोपं नसतं. क्रोएशियन विकिपीडिया बघा. तिथे एक टोकाच्या उजव्या विचाराचा गट प्रचालक होऊन बसला. दुसऱ्या महायुद्धातल्या नाझीधार्जिण्या उस्ताशा राजवटीच्या गुन्ह्यांना सौम्य रंग, आणि विरोध केला की ब्लॉक, कारण म्हणून 'उत्पात'. २०१३ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनीच विद्यार्थ्यांना सांगितलं की हा विकिपीडिया वापरू नका. त्या गटाच्या म्होरक्याला हटवायला २०२० उजाडलं. छोट्या विकीवर चार लोक एकमेकांना मत देऊन बसले की 'सततचा उत्पाती' कोण हे तेच ठरवतात.

म्हणून मला गुप्त गाळण्या, गुप्त याद्या ऐकून जरा अस्वस्थ व्हायला होतं.

अर्धविराम

रास्त. गाळणीची अट गुप्त असली तरी कुठल्या गाळणीने किती बदल अडवले हे दिसतं, आणि इतर प्रचालक अट वाचू शकतात. एकाच माणसाने लिहून एकानेच चालवू नये हे मान्य. शिवाय आता अंशतः ब्लॉक करता येतो, २०१९ पासून. त्या ठरावीक लेखांपुरताच बंदिस्त ठेवायचा, बाकी विकी मोकळी. एखादा खरंच सुधारणार असेल तर त्याला दार उरतं. मूळ खातं पहिल्यांदा अडवलं तेव्हा हे करून बघितलं होतं का?

गवती_चहा

नाही. थेट आठवड्याचा पूर्ण ब्लॉक झाला होता. आता इतक्या खात्यांनंतर ते करण्यात अर्थ आहे असं वाटत नाही, पण पुढच्या कुणासाठी लक्षात ठेवते.

आडवळणी, तुमचा मुद्दा मनात राहिला. त्यासाठीच हा प्रश्न मी प्रचालकांच्या चावडीवर न टाकता आधी इथे आणला.

निळा_खंड्या

एक शंका. हे गृहस्थ पैसे घेऊन करत असतील तर? आमच्या शहरात एक जण 'तुमचं विकिपीडिया पान बनवून देतो' म्हणून डॉक्टर आणि बिल्डर लोकांकडे फिरतो.

बोरूबहाद्दर

घराणं आणि संत यात पैसा असायची शक्यता कमी, पण शक्यता सोडू नका. पैशाचे प्रकार खूप मोठे निघाले आहेत. २०१५ मध्ये इंग्रजीवर 'ऑरेंजमूडी' नावाने ओळखलं गेलेलं जाळं सापडलं, ३८१ खाती एकदम बंद केली. छोट्या व्यावसायिकांचे नाकारलेले लेख हेरायचे, पैसे घेऊन ते चढवायचे, मग 'लेख टिकवून ठेवायचा' महिन्याचा हप्ता. चक्क खंडणी. तुमच्या शहरातल्याला कुणी पैसे देत असेल तर हे वाचायला द्या. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते जाहीर करायचं हा नियम २०१४ पासून वापरअटींतच आहे.

थेट_नागपूर

वाचून थोडं मत बदललं, पण पूर्ण नाही. एक सुचवतो. त्या गावाबद्दल खरं काय आहे ते कोणी लिहिलंय का? त्या गावाचा लेख आहे का विकीवर? माणूस आपल्या गावासाठी बोंबलत असेल आणि गावाच्या पानावर फक्त 'हे एक गाव आहे, लोकसंख्या इतकी' असेल, तर तो संतांच्या लेखात घुसणारच. गावाचं पान भरा. नदी, यात्रा, बाजार, जुनी मंदिरं, गॅझेटियरमधलं जे असेल ते.

गवती_चहा

आत्ता बघितलं. दोनच ओळी आहेत.

बोरूबहाद्दर

थेट_नागपूर, इतक्या प्रतिसादांत नवीन असं हेच आहे. तो सुधारेल याची खात्री नाही. पण संतांच्या लेखातही हेच लागू होतं. जिथे जन्मगावाबद्दल वाद आहे तिथे 'याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत' असं लिहून दोन-तीन नावाजलेल्या अभ्यासकांची मतं संदर्भासह मांडली, तर एक भोक बुजतं. मोकळ्या, बिनसंदर्भ परिच्छेदात कुणाचंही वाक्य खपून जातं. भरलेल्या परिच्छेदात परकं वाक्य लगेच दिसतं, आणि उलटवणारा नवा सदस्यसुद्धा ते ओळखू शकतो. मग तुम्ही एकट्या पहाऱ्यावर राहत नाही.

छोट्या विकींवर बाहेरचे स्वयंसेवकही गस्त घालतात, पण त्यांना मराठी वाचता येत नाही. पान रिकामं केलेलं त्यांना कळतं, जन्मगाव बदललेलं कळत नाही. संदर्भ काढून टाकलेला मात्र कळतो. तेवढी मदत त्यांना करून ठेवायची.

म्युनिककर

यात एक नवी भर, अस्वल मागे लागल्यावर वाघ दिसावा तशी: यंत्राने लिहिलेला मजकूर. पूर्वी असा माणूस दिवसाला तीन वाक्यं टाकायचा, आता तासाला तीन लेख, संदर्भांसकट, आणि संदर्भ अस्तित्वातच नाहीत. इंग्रजीत ऑगस्ट २०२५ मध्ये अशा न तपासलेल्या लेखांना चर्चेविना काढायचा निकष आणला. चिनी विकिपीडियावर तर यंत्राशिवायच एका बाईंनी वर्षानुवर्षं मध्ययुगीन रशियाचा कल्पित इतिहास लिहिला होता, २०२२ मध्ये उघड झाला तेव्हा २०६ लेख निघाले. काशिनची चांदीची खाण म्हणून एक होती, लढाया होत्या, सगळं होतं, खाण सोडून. तिच्याबद्दलही कुणाची तक्रार नव्हती. वागायला सौजन्यमूर्ती!

वाचाळवीर

म्हणजे विकिपीडियावर जास्त गोड बोलणाऱ्याचे संदर्भ आधी उघडायचे. मी उद्यापासून शिव्या देत लिहीन, लोक विश्वास ठेवतील.

गवती_चहा

वाचाळवीर, तुम्ही लिहा तर आधी.

बरं, आता करायच्या गोष्टी ठरवते, म्हणजे कुणाला मदत करायची असेल तर सांगता येईल. ब्लॉगचा उपपत्ता काळ्या यादीत घालायची विनंती मी आज टाकते. त्या मोजक्या लेखांना अर्धसुरक्षा मागते, कायमची नाही, काही महिन्यांची. आणखी चर्चा पानावर समजावत बसणार नाही. नवं खातं दिसलं, ओळख पटली की उलटवून प्रचालकांच्या यादीत एक ओळ, इतकंच. गावाचं पान कोण घेतं? माझ्याकडे त्या भागाचं जुनं गॅझेटियर नाही.

थेट_नागपूर

गॅझेटियरचं मी बघतो. आमच्या इथल्या वाचनालयात संच आहे, शनिवारी जातो. पण पहिल्या मसुद्यावर साचा लावला तर याद राखा.

गवती_चहा

धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहा, कुणी हात लावणार नाही. झालं की मला सांगा, संदर्भाचे साचे मी घालते.

आडवळणी

अर्धसुरक्षेची विनंती जिथे टाकाल त्याचा दुवा इथेही द्या. विरोध करायला नाही, बघायला.

अर्धविराम

गाळणीचा मसुदा मी करतो, प्रचालकांनी तपासून लावावा. पहिले दोन आठवडे नुसती नोंद ठेवू, काही अडवायचं नाही. त्या घराण्याबद्दल खरंच लिहिणारे दुसरे कुणी त्यात सापडतात का ते आधी पाहायला हवं. ब्लॉगचा पत्ता मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, इथे टाकू नका. नाहीतर आपल्याच धाग्यातून त्याला वाचक मिळायचे.

गवती_चहा

पाठवला. सोबत 'अनूमती'ची सगळी उदाहरणंही.